दुतोंडी स्कीचा ठराव

प्लान्दुरा ग्रामपालिकेने गेल्या हिवाळ्यात सार्वजनिक निधीतून स्कीचा एक जोड घ्यायचं ठरवलं. एक जोड म्हणजे दोन नग. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे सगळा घोळ या दोनावरूनच झाला. मी या पालिकेचा सचिव आहे. सभेचं इतिवृत्त मी लिहितो, सभेला कॉफी मी सांगतो आणि सभा संपली की खुर्च्याही मीच उचलतो. लोकशाहीला आमच्या खोऱ्यात माझ्याइतकं जवळून कुणी बघितलेलं नाही, त्यामुळे तिच्याबद्दल माझ्या तोंडून वावगा शब्द निघणार नाही.

प्रकरण साधं होतं. उर्सिना कद्रुवीची मुलगी लदिना, वय सतरा. स्कीवरून उडून हवेत गिरक्या घेणारी, लोखंडी कठड्यावरून घसरत जाणारी आणि वर पुन्हा पाठमोरी उतरणारी आमच्या गावात ही एकटीच. त्यासाठी लागणारी स्कीही वेगळी. साध्या स्कीचं पुढचं टोक वर वळलेलं असतं, हिची दोन्ही. म्हणजे तोंड पुढे करूनही जाता येतं आणि पाठ करूनही. गावात या स्कीला दुतोंडी म्हणतात. म्हाताऱ्यांना सुरुवातीला ती पसंत नव्हती. जिला पुढचं कुठलं आणि मागचं कुठलं हेच कळत नाही तिच्यावर विश्वास काय ठेवायचा, असं त्यांचं म्हणणं होतं. पण पालिकेच्या निवडणुकीत अशी कैक माणसं आपण निवडून दिली आहेत, हे कुणीतरी लक्षात आणून दिल्यावर विरोध मावळला.

डिसेंबरात पहिल्याच बर्फावर लदिनाची जुनी स्की कठड्यावर आपटून मधोमध चिरली. मार्चमध्ये निवड स्पर्धा होती. तीत नाव आलं तर खाली शहरातल्या क्रीडाशाळेत जागा मिळणार होती, नाही आलं तर मामाच्या चीजच्या कारखान्यात उमेदवारी. वयाची अट होती, त्यामुळे पुढच्या वर्षी बघू म्हणायची सोय नव्हती. पोरीचा सगळा जीव त्या जोडात अडकला होता. आणि आमच्याकडे जुनी चाल अशी, की निवड स्पर्धेला जाणाऱ्या मुलाला साहित्य गाव देतं. आता गाव देतं म्हटल्यावर गावाने ठरवायला नको का?

बाजारात दोन कंपन्या होत्या, फाल्का आणि नोर्डूर. फाल्का बाल्त्सरच्या दुकानात मिळते आणि नोर्डूर सेराइनाच्या. पूर्वी हे दुकान एकच होतं आणि संसारही एकच होता. घटस्फोटात बाल्त्सरच्या वाट्याला फाल्का आली, सेराइनाच्या वाट्याला नोर्डूर. तेव्हापासून दोघं समोरासमोरच्या दुकानांत बसतात आणि एकमेकांकडे बघायला नको म्हणून दिवसभर मधल्या पाण्याच्या हौदाकडे बघतात.

फाल्काच्या जाहिरातीत एक दाढीवाला तरुण हवेत उलटा झालेला आहे. खाली लिहिलंय, 'नियम तुझ्यासाठी नाहीत.' नोर्डूरच्या जाहिरातीतही दाढीवाला तरुणच आहे, तोही हवेत उलटाच आहे, फक्त त्याचं तोंड दुसरीकडे. खाली लिहिलंय, 'तुझे नियम तूच कर.' एवढ्यावरून गावात उभी फूट पडली. बस दोन मिनिटं उशिरा आली तर परिवहन खात्याला पत्र लिहिणारे आमचे निवृत्त पोस्टमास्तर टुमाश छातीवर हात ठेवून सांगू लागले, की आपण पहिल्यापासून फाल्काचा माणूस. गुडघा बदलल्यापासून त्यांनी स्कीला हात लावलेला नाही. खानावळीतल्या म्हाताऱ्यांच्या टेबलावर जवाचं सूप गार होईस्तोवर गाभ्यातल्या लाकडाची चर्चा चाले, उसळी कुणाची जास्त आणि लवचीकपणा कुणाचा कमी. कुणी नोर्डूरचं नाव काढलं, की दुसऱ्या टोकाची माणसं खुर्ची मागे सरकवत.

पहिली गावसभा जानेवारीत भरली. अध्यक्ष गिएरी तुओर, अख्ख्या गावाचे गिएरीकाका. मनाने चांगला माणूस, पण हातात घंटा आली की वेगळाच होतो. मताचा हक्क अठराव्या वर्षी मिळतो, म्हणून लदिना पाहुण्यांच्या बाकावर बसली होती. विषय पुकारल्या पुकारल्या तिने हात वर केला.

"काका, मला फक्त एवढंच सांगायचं होतं, की..."

"पाहुण्यांच्या बाकावरचे हात आम्ही मोजत नाही, पोरी," गिएरीकाका मायेने म्हणाले. "तुझा हात दिसला. छान आहे. खाली घे."

तिने हात खाली घेतला आणि थोड्या वेळाने पुन्हा वर केला. तेव्हा बाल्त्सर उठून म्हणाला, की हिला कोणती हवी ते एकदा कानावर पडलं की सभा त्या बाजूला झुकणार, आणि झुकलेला निर्णय हा निर्णयच नव्हे. सेराइना म्हणाली, की बाल्त्सर म्हणतो ते बरोबर आहे. घटस्फोटानंतर दोघांचं एखाद्या गोष्टीवर पहिल्यांदाच एकमत होत होतं. सभागृहात दोनचार जणींनी डोळे पुसले.

आता आमच्याकडे एक नियम आहे आणि त्याचा आम्हाला अभिमान आहे. ज्याचा ज्या विषयात हितसंबंध, त्याने त्या विषयापुरतं खोलीबाहेर जायचं. भिंत माझ्या शेताची असेल तर भिंतीवर गाव बोलेल आणि मी बाहेर बसेन. बाहेर वाटेत एक बाक आहे, बाकाशेजारी ऊब देणारं गरम पाण्याचं नळकांडं आणि वर बक्षीस मिळालेल्या एका गाईचा फोटो. गावातली थोर थोर माणसं त्या बाकावर बसून गेली आहेत. त्या दिवशी सभेने एकमताने ठरवलं, की या स्कीत सगळ्यात मोठा हितसंबंध कुणाचा असेल तर तो लदिनाचा, कारण स्की घालणार तीच. तेव्हा तिने बाहेर जावं.

तिची आई उर्सिना उठली. उतारावर वर नेणाऱ्या लिफ्टवर तिकिटं फाडणारी बाई, बोलायला कुणाच्या बापाला भ्यायची नाही.

"आणि बाल्त्सर? आणि सेराइना?" ती म्हणाली. "त्यांना त्या विकायच्यात. त्यांचा काही संबंध नाही वाटतं?"

"ते तज्ज्ञ आहेत," गिएरीकाका म्हणाले. "तज्ज्ञाला बाहेर काढलं तर आत राहिलं कोण?"

यावर उर्सिना जे बोलली ते मी इतिवृत्तात घेतलेलं नाही. आई म्हणजे हितसंबंधीयाची निकटची नातेवाईक, हे तेवढ्यात टुमाशना आठवलं. मग ती बाहेर बाकावर लेकीशेजारी जाऊन बसली.

पहिल्या सभेत निर्णय झाला नाही. कुठलाच निर्णय आमच्याकडे पहिल्या सभेत होत नाही, तसा झाला तर लोकांना संशय येतो. दुसऱ्या सभेत झुरिचहून तज्ज्ञ मागवायचं ठरलं. तिसऱ्या सभेत तो आला. डॉक्टर एडगार फ्रिकर त्याचं नाव, गळ्यात रेशमी रुमाल, पायात शहरी बूट. आमच्या पायऱ्यांवर तो घसरून बसला, तेवढाच काय तो त्याचा बर्फाशी संबंध आला. पण माणूस अभ्यासू होता. त्याने पडद्यावर बाण दाखवले, वर्तुळं दाखवली आणि शेवटी घसा खाकरून जाहीर केलं, की फाल्का आणि नोर्डूर या दोन्ही स्की सीमेपलीकडच्या एकाच कारखान्यात, एकाच साच्यात, एकाच लाकडाच्या तयार होतात. फरक फक्त वर चिकटवलेल्या चित्राचा.

मला वाटलं, सुटलो. आता चिठ्ठी टाकतील आणि घरी जातील. पण मी आमच्या लोकांना कमी लेखलं होतं. गिएरीकाका उठले आणि गंभीरपणे म्हणाले, की फरक असता तर फरकाच्या आधाराने निवड करता आली असती. आता तो आधारही गेला. तेव्हा निवड अधिकच काळजीपूर्वक करायला हवी. टाळ्या पडल्या. फाल्काच्या चित्रात ससाणा आहे, नोर्डूरच्या चित्रात होकायंत्र. ससाणा आपल्या खोऱ्यातला पक्षी आहे की नाही, हे ठरवायला एक उपसमिती नेमली गेली. होकायंत्र उत्तर दाखवतं आणि आमचं गाव दक्षिण उतारावर आहे, हा मुद्दा टुमाशनी मांडला, तो फार गाजला.

मी कॉफीची किटली घेऊन बाहेरून येत होतो. लदिना बाकावर बसली होती, मांडीवर शाळेचं पुस्तक.

"सचिवकाका, आत कुठवर आलंय?"

"पक्ष्यापर्यंत."

"मी तुम्हाला एकच गोष्ट सांगू? तुम्ही आत जाऊन नुसती..."

मी तिला तिथेच थांबवलं. म्हटलं, बाळ, हितसंबंधीयाकडून माहिती घेतली तर माझाही संबंध जडतो. मग मलाही इथे तुझ्याशेजारी बसावं लागेल, आणि आत इतिवृत्त कोण लिहील? तिला ते पटलं असावं. तिने मान खाली घातली आणि पुस्तक उघडलं. मी तिला अर्धा कप कॉफी दिली, तेवढ्याला नियमात आडकाठी नाही.

दरम्यान आमच्या रिवाजाप्रमाणे गावातल्या सर्व संस्थांची लेखी मतं मागवली. गायनमंडळाने नोर्डूरच्या बाजूने कौल दिला, कारण ते नाव गाण्यात बसतं. नेमबाज मंडळाने फाल्काच्या बाजूने दिला, कारण गायनमंडळाने नोर्डूरच्या बाजूने दिला होता. अग्निशमन दलाने दोन्ही स्की पेटवून बघायची तयारी दाखवली. कुरणाच्या सोसायटीने कळवलं, की गाईंची हरकत नाही. मधल्या काळात फेब्रुवारी उजाडला. लदिना सरावाला रोज उतारावर जायची आणि दुसऱ्यांच्या उड्या बघून परत यायची. उर्सिना लिफ्टवर तिकीट फाडताना आता नको तितकं जोरात फाडायला लागली होती.

शेवटी तडजोड निघाली. तडजोड ही आमची खासियत आहे, तिच्यावर हा देश उभा आहे. ठरलं असं, की एक नग फाल्काचा घ्यायचा आणि एक नोर्डूरचा. एवीतेवी कारखाना एक, साचा एक, मग अडचण काय? बाल्त्सर खूश, सेराइना खूश, ससाणाही आला आणि होकायंत्रही. फक्त उजव्या पायात कोण, एवढंच उरलं होतं. त्यावर पुढची पूर्ण सभा गेली. बाल्त्सर म्हणाला, फाल्का आयुष्यात कुणाच्या डाव्या बाजूला उभी राहिलेली नाही. सेराइना म्हणाली, डाव्या बाजूला उभं राहून आपण बारा वर्षं काढली आहेत, आता पुरे. प्रकरण पुन्हा घटस्फोटावर जाणार असं दिसायला लागलं.

तेव्हा टुमाश उठले. आयुष्यभर पत्रांची योग्य बाजू वर करून शिक्के मारलेला माणूस, त्याला ते सुचलं. ते म्हणाले, पोरगी तोंड आपल्याकडे करून खाली येते तेव्हा तिचा उजवा पाय आपल्याला डावीकडे दिसतो. पाठमोरी येते तेव्हा तोच पाय उजवीकडे दिसतो. तेव्हा तिने निम्मा उतार सरळ उतरावा आणि निम्मा पाठमोरा, म्हणजे बघणाऱ्यांच्या दृष्टीने दोन्ही कंपन्यांना दोन्ही बाजू सारख्या मिळतील. दुतोंडी स्कीचा खरा उपयोग तेव्हा कुठे आमच्या लक्षात आला.

ठराव हात वर करून मंजूर झाला. तो माझ्याच अक्षरात आहे: 'उजव्या पायास फाल्का, डाव्या पायास नोर्डूर देण्यात यावी, खेळाडूने उताराचा अर्धा भाग समोरून व अर्धा भाग पाठमोरा उतरून समतोल राखावा.' विरोधात कुणी नाही. तटस्थ, कुरणाची सोसायटी.

स्पर्धा तोंडावर आली असताना स्की आल्या. गावच्या चौकात समारंभ ठेवला. बँड आला, शाळेला सुट्टी दिली, उर्सिनाने अक्रोडाचा केक करावा अशी विनंती तिला करण्यात आली आणि तिने ती धुडकावली. चौक हा उघड्यावर असल्याने तिथे कुणाला खोलीबाहेर काढता येत नाही. त्यामुळे या प्रकरणात लदिना पहिल्यांदाच आमच्यात उभी होती. बाल्त्सरने फाल्काचा नग आणून तिच्या उजव्या हाताशी उभा केला. सेराइनाने नोर्डूरचा आणून डाव्या हाताशी.

फाल्काची स्की लदिनाच्या बरगडीपर्यंत आली. शाळेच्या सहलीसाठी मागवलेल्यांतली ती उरली होती. नोर्डूरची तिच्या डोक्यावरून चांगली वीतभर वर गेली. कुणा धिप्पाड गिऱ्हाइकाने मागवून ती नेली नव्हती. ठरावात कंपनी होती, चित्र होतं, पाय होता, उताराचा हिशेब होता. किती लांबीची आणायची हे ठरावात नव्हतं, त्यामुळे ज्याच्याकडे जी पडून होती ती त्याने दिली. त्यात गैर काहीच नाही.

बँड आपोआप थांबला. सगळे गिएरीकाकांकडे बघायला लागले. काकांनी एकदा आखूड नगाकडे पाहिलं, एकदा लांब नगाकडे, ओठ हलवून काही मोजलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"सरासरी बरोबर येते," ते म्हणाले.

बँड पुन्हा सुरू झाला. लदिनाने दोन्ही स्की हळूच भिंतीला टेकवल्या. रडली बिडली नाही. ती म्हणाली, "मला पहिल्या दिवसापासून एवढंच सांगायचं होतं. माझी उंची. स्की उंचीवर घेतात. कंपनी कुठलीही चालली असती मला."

"अगं मग हे आधी सांगायचं नाही का?" गिएरीकाका म्हणाले, आणि चौकातल्या माणसांनी माना डोलावल्या. हल्लीच्या मुलांचं हेच आहे, वेळेवर तोंड उघडत नाहीत.

दुसऱ्या दिवशी उर्सिना लेकीला घेऊन बसने पलीकडच्या खोऱ्यात सास्सेलला गेली. सास्सेलवाल्यांशी आमचं पिढ्यान्पिढ्या पटत नाही. त्यांना रीत नाही, सभा नाही, उठसूट निर्णय घेतात. तिथल्या स्की क्लबाच्या शेडमध्ये भाड्याने द्यायच्या जुन्या दुतोंडी स्कींचा ढीग होता, सगळ्या एकाच राखाडी रंगाने रंगवलेल्या. लदिनाने ढिगातून एक काढली, स्वतःशेजारी उभी केली, ठेवली. दुसरी काढली, उभी केली, तिची जोडी शोधली आणि निघाली. एवढंच झालं. ना मत मागवलं, ना मत दिलं. ऐकून माझ्या अंगावर काटा आला.

निवड स्पर्धेत तिचं नाव आलं. पण क्लबाचं साहित्य घ्यायचं तर क्लबाचं सभासद व्हावं लागतं, त्यामुळे वर्तमानपत्रात फोटोखाली छापून आलं, 'सास्सेलची लदिना कद्रुवी.' ते वाचून गाव हळहळलं. मला विचाराल तर मलाही त्या रात्री जेवण गेलं नाही. तिला मी गाईच्या फोटोखाली अख्खा हिवाळा बसलेली बघितलं होतं.

लगेच तातडीची सभा बोलावली. मला वाटलं, पोरीला परत कसं आणायचं यावर बोलतील. सभा फोटोवर बोलली. फोटोत लदिना हवेत होती, पायांत स्की स्पष्ट दिसत होत्या, फक्त चित्र दिसत नव्हतं. भिंग आणलं. बाल्त्सर म्हणाला, टोकाचं वळण बघा, फाल्काच आहे. सेराइना म्हणाली, वळण नोर्डूरचं आहे, एवढं तरी ओळखता यायला हवं होतं. गाव पुन्हा दोन बाजूंना बसलं. अखेर गिएरीकाकांनी मला हुकूम केला, की फोन लावा आणि एकदाचा खुलासा घ्या. ती आता सास्सेलची, म्हणजे आपल्या गावात तिचा हितसंबंध उरलेला नाही. आता तिला विचारायला हरकत नाही.

मी फोन लावला. विचारलं, बाळ, कुठल्या स्की होत्या?

ती हसली. "सचिवकाका, हनुवटीपर्यंत येणाऱ्या. एवढंच लिहा."

मी तसंच लिहिलं आणि सभेत वाचून दाखवलं. टुमाशनी विचारलं, 'हनुवटी' ही कुठल्या देशातली कंपनी? बाल्त्सर म्हणाला, नवीन दिसतेय, पण जाहिरात पाहिल्यासारखी वाटते. सेराइनाने तिची एजन्सी मिळावी म्हणून दुसऱ्याच दिवशी अर्ज केला. कुणाला करायचा हे न कळल्याने तो माझ्याकडे आहे.

तुम्ही हसताय. हसा. आमच्या गावाला हसायची पलीकडच्या खोऱ्यातही पद्धत आहे. पण मी इतका वेळ सांगताना तुमच्याकडेही बघत होतो. फाल्का बरी की नोर्डूर, ससाणा बरा की होकायंत्र, यावर तुमचंही मनात काहीतरी ठरलं होतं. कारखाना एकच निघाल्यावरही ते फारसं हललं नाही. आणि ती पोर पहिल्या सभेत हात वर करून बसली, तेव्हा तिला कोणती कंपनी हवी असेल, हेच तुम्ही ताडत होतात. ती उंच की ठेंगणी, हे तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. किती उंच ते मी अजूनही सांगितलेलं नाही, आणि तुमचंही त्यावाचून काही अडलं नाही.

तेव्हा तुम्हाला बाहेरच्या बाकावर बसायची गरज नाही. या, आत या. जागा आहे. हात वर करा, तुमचा मोजतो.